पथ्याचे मीठ

बारावीचा निकाल लागला आणि आहारशास्त्र शिकण्यासाठी मुंबईला जाण्याचा विचार मी घरात बोलून दाखविला, तेव्हा वडील दुकानात होते. बार्शीला आमचे किराणा मालाचे दुकान आहे. त्यांनी तराजूवरून मान वर केली आणि फळ्यांकडे हात केला. ज्वारी, तूर, हरभरा, शेंगदाणे, गूळ, तेलाचे डबे, कोपऱ्यात मिठाच्या पिशव्या. "सगळं इथंच तर आहे," ते म्हणाले. "कुणी किती खावं हे ज्याचं त्याला कळतं. ते शिकायला विद्यापीठ कशाला लागतं?"

त्या प्रश्नात टोमणा नव्हता. त्यांना तो खरोखरच पडला होता. मुलीच्या शिक्षणाला त्यांची ना नव्हती, या शिक्षणाचा अर्थ तेवढा त्यांना लागत नव्हता. खरे सांगायचे तर तो मलाही पुरता लागलेला नव्हता. आजीच्या मधुमेहामुळे आमच्या घरात पथ्याची चर्चा सतत चाले. प्रत्येक पाहुणा एखादे नवे पथ्य सांगून जाई, आणि आजी त्या सर्वांचे शांतपणे ऐकून घेऊन अखेर साखरेचाच चहा पिई. या गोंधळात खरे काय, हे घरातल्या कुणीतरी एकाने शिकून घ्यावे, एवढेच माझ्या मनात होते.

महर्षी कर्वे यांनी 1916 साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाच्या जुहू येथील गृहविज्ञान महाविद्यालयात मी 2007 साली दाखल झाले. "म्हणजे स्वयंपाक आणि शिवणकाम ना?" असे आत्याने निघताना विचारले होते. प्रत्यक्षात पहिल्याच वर्षी जीवरसायनशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र पुढ्यात आले. स्वयंपाकघर होते, पण तिथे चवीआधी वजन होते. कच्चा तांदूळ तोलायचा, शिजलेला भात तोलायचा. 30 ग्रॅम तूरडाळीचे एक वाटी वरण होते आणि त्यातून साधारण 7 ग्रॅम प्रथिने मिळतात, हे डोळ्यांना दिसेपर्यंत तोलत राहायचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे अन्नमूल्यांच्या कोष्टकांचे पुस्तक आमच्या पिशवीत कायम असे. शंभर ग्रॅम ज्वारीत 10.4 ग्रॅम प्रथिने, बाजरीत 11.6, तूरडाळीत 22.3, हे आकडे आम्ही पाढ्यांसारखे म्हणत असू. पुढे 2017 साली त्या संस्थेने 528 अन्नपदार्थांची नवी कोष्टके काढली आणि पाठ केलेले बरेचसे आकडे बदलले. माझ्या जुन्या प्रतीच्या कडा मात्र अजूनही हळदीने पिवळ्या आहेत.

आमच्या एका प्राध्यापक बाईंनी दुसऱ्या वर्षी सांगितलेली ल्यूसी विल्स यांची हकीकत माझ्या मनात घर करून राहिली. ही इंग्रज डॉक्टर 1928 साली भारतात आली. मुंबईत कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांना एका विशिष्ट प्रकारचा, कित्येकदा जिवावर बेतणारा रक्तक्षय होत असे. विल्स यांनी संसर्गाची शक्यता तपासली आणि मग त्या स्त्रियांच्या आहाराचा माग घेतला. अखेर यीस्टच्या अर्कापासून बनणाऱ्या मार्माइट या साध्या पदार्थाने तो रक्तक्षय बरा होतो, असे त्यांना आढळले. 1931 साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातील उपयोगी घटक म्हणजे पुढे ओळखले गेलेले फोलिक आम्ल. आज प्रत्येक गरोदर स्त्रीला दिल्या जाणाऱ्या त्या लहानशा गोळीचा एक धागा परळ-लालबागच्या गिरण्यांच्या मुंबईपर्यंत पोहोचतो, हे ऐकून मला फार मोठे वाटले होते. त्या वेळी मी त्यातला शोध पाहिला. तो शोध "तुम्ही काय जेवता?" या विचारपुशीतून गेला होता, हे लक्षात यायला वेळ लागला.

एम.एस्सी.ला रुग्णालयीन आहारशास्त्र सुरू झाले आणि तोवर शिकलेले बरेचसे उलटे फिरले. पहिल्या वर्षी आम्हांला बजावले होते की भाजी आधी धुवावी, मग चिरावी आणि शिजवलेले पाणी कधीही ओतून देऊ नये, कारण त्यात जीवनसत्त्वे आणि क्षार उतरतात. मूत्रपिंडाच्या विकारांचा भाग आला तेव्हा नेमके तेच करायला सांगितले गेले: भाजी बारीक चिरा, भरपूर कोमट पाण्यात भिजवा, पुन्हा भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी फेकून द्या, म्हणजे पोटॅशियम बऱ्यापैकी निघून जाते. पहिल्या वर्षीचे पाप ते चौथ्या वर्षीचे पथ्य! प्रथिनांचेही तसेच. मूत्रपिंडे अशक्त झाली की डायलिसिसपूर्वीच्या काळात प्रथिनांवर मर्यादा घालतात. डायलिसिस सुरू झाल्यावर त्याच माणसाला ती वाढवून द्यावी लागतात, कारण प्रत्येक वेळी त्यांतला काही अंश वाहून जातो. कित्येक घरांत मात्र जुनाच कागद भिंतीवर चिकटलेला राहतो आणि डायलिसिसवरचा माणूस डाळीला भिऊन दिवसेंदिवस वाळत जातो. हे मी पुढे इतक्या वेळा पाहिले आहे की वाचकांपैकी कुणाच्या घरी असा कागद असेल तर त्याची तारीख एकदा पाहावी, अशी विनंती इथेच करून ठेवते.

2012 च्या उत्तरार्धात मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयात माझी सहा महिन्यांची उमेदवारी सुरू झाली. तिसऱ्या महिन्यात मला डायलिसिस विभाग मिळाला. तिथे सांगोला तालुक्यातले एक गृहस्थ येत. वय साठीच्या आसपास, मधुमेहाने मूत्रपिंडे निकामी झालेली. गावाकडे जवळ सोय नव्हती म्हणून ते भांडुपला मुलाकडे येऊन राहिले होते. सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिस. मुलगा रिक्षा चालवी, त्यामुळे सोबत येई ती सून. मी त्यांना काका म्हणे आणि तिला वहिनी. ती माझ्याहून मोठी असूनही मला ताई म्हणे.

काकांचा आहारतक्ता मी दोन रात्री बसून केला. स्वतःच्या हिशेबाने केलेला तो माझा पहिलाच तक्ता. प्रथिने, उष्मांक, फॉस्फरस, पोटॅशियम, दिवसभराचे पाणी, त्यात चहा आणि ताकसुद्धा धरलेले. शहाळे, केळी, पेरू यांच्यापुढे ठळक फुल्या. रुग्णाला भेटायला जाताना शहाळे न्यायची आपल्याकडची रीत मूत्रपिंडाच्या रुग्णाला किती महागात पडू शकते, हे मी वहिनींना पुन्हा पुन्हा सांगितले. डाळिंबावर फुली मारताना काका हसले. त्यांची स्वतःची डाळिंबाची बाग होती. "आयुष्यभर दुसऱ्यांसाठी पिकवलं," ते म्हणाले, "आता बसून खावं म्हटलं, तर तुम्ही नको म्हणताय."

शेवटी मी मिठाकडे वळले. पायांवर सूज होती, रक्तदाब चढलेला होता. "वहिनी, यांना कमी सोडियमचा आहार द्यायचा," मी म्हणाले. "कमी सोडियम," तिने शब्द घोळवून पाहिला आणि माझ्याकडून तो कागदाच्या तळाशी लिहून घेतला. मला ते आवडले. रुग्णाच्या घरचे माणूस शास्त्रीय शब्द ध्यानात ठेवते आहे, याचा मला चक्क अभिमान वाटला.

तीन आठवड्यांनी एका सोमवारी काका आले ते मुलाच्या खांद्यावर सारा भार टाकून. पायांत बळ नव्हते. हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासले. पोटॅशियम 7.2. निरोगी माणसात ते साधारण 3.5 ते 5 असते. 7 च्या पुढे गेल्यावर हृदयाची लय कोणत्याही क्षणी बिघडू शकते आणि आधी सूचना मिळेलच असे नाही. कॅल्शियमचे इंजेक्शन, इन्शुलिन आणि ग्लुकोज, पाठोपाठ तातडीचे डायलिसिस. विभागातील सगळे धावत होते आणि मी फाइल छातीशी धरून भिंतीला टेकले होते.

निवासी डॉक्टर वहिनींना विचारत होते. शहाळे दिले? केळी? कुणी फळांचा रस आणला होता? ती प्रत्येक वेळी नाही म्हणत होती. "खरं सांगा," ते आवाज चढवून म्हणाले. तिने पिशवीतून शाळेची शंभर पानी वही काढली. तीन आठवड्यांतले प्रत्येक जेवण तिच्यात लिहिलेले होते. भाज्या दोन-दोन पाण्यांतून काढलेल्या, पाणी बाटलीने मोजलेले. माझ्या तक्त्याबाहेरचा एक घास त्यात नव्हता. "मीठसुद्धा सांगितलं तेच आणलं," ती म्हणाली. "कमी सोडियमचं. महाग पडतं, पण तेच आणलं."

डॉक्टरांना क्षणात उलगडा झाला, मलाही. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला हे आणायला?" ते ओरडले. वहिनीने माझ्याकडे पाहिले. मी गप्प राहिले.

हे काय झाले होते ते नीट सांगायला हवे, कारण असे पुडे आज गावोगावच्या दुकानांत मिळतात. नेहमीचे मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. कमी सोडियमच्या मिठात त्याचा काही भाग काढून बहुधा पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. ज्यांची मूत्रपिंडे धडधाकट आहेत अशा, रक्तदाबाची काळजी असलेल्या बहुतेक प्रौढांना त्याचा उपयोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2025 मध्ये त्याविषयी अनुकूल सल्लाही दिला आहे. मात्र त्यातून गरोदर स्त्रिया, मुले आणि मूत्रपिंडाचे विकार असलेली माणसे स्पष्टपणे वगळली आहेत. पोटॅशियम क्लोराइडच्या वजनाचा निम्म्याहून थोडा अधिक भाग पोटॅशियमच असतो. त्या रात्री मी हिशेब मांडला: मिठात 30 टक्के पोटॅशियम क्लोराइड धरले, तर दिवसाकाठी 5 ग्रॅम मिठातून जवळजवळ 780 मिलिग्रॅम पोटॅशियम पोटात जाते. एका मोठ्या शहाळ्यात असते तेवढे. म्हणजे मी शहाळ्यावर फुली मारली होती आणि तेच शहाळे रोज आमटीतून पाजले होते. त्यात भर अशी की, हे मीठ पथ्याचेच म्हणून वहिनीचा हात सैल सुटला होता. कित्येक महिन्यांनी काकांना जेवण चवीचे लागले होते.

वहिनीने चूक केली नव्हती. तिने माझा शब्द उचलला, दुकानात जाऊन पुड्यावर तोच शब्द शोधला आणि पदरचे पैसे मोजून तो घरी आणला. चुकीचा होता तो माझा शब्द. "मीठ कमी" एवढे दोन साधे शब्द पुरले असते. पण पाच वर्षे शिकलेल्या मुलीच्या तोंडी ते फारच साधे वाटले असावेत.

दुपारी मी आमच्या मुख्य आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी रागवावे अशी माझी अपेक्षा होती. किंबहुना इच्छाच होती. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "आधी त्या मुलीला सांग. मग डॉक्टरांना. मग माझ्याकडे ये."

काकांचे डायलिसिस चालू होते. धोका टळला होता. वहिनी बाहेर बाकावर बसली होती. मी तिला सांगितले की मीठ आणण्यात तिची काहीच चूक नव्हती, शब्द माझा होता आणि त्याचा अर्थ मी उलगडून सांगायला हवा होता. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग सकाळी का नाही बोललात, ताई? दिरांचा फोन आला होता. म्हणाले, तू सासऱ्याला मारायला निघालीस."

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी तिच्या दिरांना फोन लावला आणि त्यांना तेच सांगितले. डॉक्टरांनाही सांगितले. डॉक्टर रागावले, पण वहिनीने जो प्रश्न शांतपणे विचारला, तो अधिक लागला.

पुढचे दोन आठवडे बाईंनी मला एकही तक्ता लिहू दिला नाही. फक्त विचारायचे. घरात कोण स्वयंपाक करते, बाजार कोण आणते, भाजी कुठल्या भांड्यात शिजते, रुग्ण एकटाच जेवतो की सगळ्यांबरोबर. आणि जमेल त्याने घरातले पुडे घेऊन यायचे. वहिनी दुसऱ्याच खेपेला पिशवीभर पुडे घेऊन आली: मसाले, लोणच्याची बरणी, खाण्याचा सोडा, सूपची पाकिटे. आम्ही दोघींनी बाकावर बसून एकेकावरची बारीक अक्षरे वाचली. काकांचे दिवसभराचे मीठ सकाळीच एका कुंकवाच्या डबीत काढून ठेवायचे, नेहमीचेच मीठ, आणि डबी रिकामी झाली की संपले, ही युक्ती तिची. मी ती अजून सगळ्यांना सांगते. काका त्यानंतर दीडेक वर्ष त्या विभागात येत राहिले, आणि गावाजवळ सोय झाली तेव्हा बागेकडे परतले.

आता मी सोलापुरात हेच काम करते. ओळखीचे पालक मुलीला घेऊन येतात आणि विचारतात, "या क्षेत्रात घालावं का?" वाट तशी सरळ आहे. बारावीला विज्ञान असलेले बरे. मग पोषणशास्त्राची पदवी, त्यावर एम.एस्सी. किंवा आहारशास्त्राची पदव्युत्तर पदविका, रुग्णालयातली उमेदवारी आणि इंडियन डायटेटिक असोसिएशन या 1963 सालच्या संघटनेची नोंदणीकृत आहारतज्ज्ञ होण्याची परीक्षा. 2021 साली संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी केलेल्या कायद्यात आहारतज्ज्ञांचाही समावेश झाला आहे. आपले काम डॉक्टर आणि परिचारिका यांच्याप्रमाणे कायद्याच्या कक्षेत येते, याचे मला समाधान आहे. तीन महिन्यांत घरबसल्या प्रमाणपत्र घेऊन पाटी लावणाऱ्यांविषयी माझे मत वाचकांनी ओळखले असेलच. निरोगी माणसाला त्यांच्यामुळे फारसे बिघडत नसेलही. पण मूत्रपिंड, यकृत, अतिदक्षता विभागातली नळीवाटे पोसलेली माणसे, कुपोषित बालके या ठिकाणी आहार हे औषध असते आणि औषधाची मात्रा चुकते.

काम पुष्कळ ठिकाणी आहे. रुग्णालये, डायलिसिस केंद्रे, कर्करोगाचे विभाग, बालकांची पोषण पुनर्वसन केंद्रे, खेळाडूंचे संघ, अन्नउद्योग, अध्यापन, स्वतःचे दवाखाने. पगाराबद्दल मात्र मी पालकांना गोड बोलत नाही. पहिली काही वर्षे तो बेताचा असतो. शिवाय रुग्णालयात आहारतज्ज्ञाला बहुधा सर्वांत शेवटी बोलावतात आणि जेवण बेचव असल्याची तक्रार मात्र सर्वांत आधी तिच्याकडे येते. वजन उतरवून देण्याच्या व्यवसायात पैसा लवकर मिळतो, आणि माझ्या वर्गातल्या निम्म्याजणी तिकडे गेल्या. मी त्यांना नावे ठेवत नाही. घरभाडे सर्वांनाच असते. मुलीला गणित जमते का, असे पालक विचारतात. मी विचारते, तिला अनोळखी माणसाच्या स्वयंपाकघरात, ओशाळे न वाटता आणि समोरच्याला ओशाळे न करता, डोकावता येते का? आकडेमोड आता संगणकही करतो.

माझ्याकडे उमेदवारीला येणाऱ्या मुलींनाही पहिले दोन आठवडे तक्ता लिहायला मिळत नाही. त्यांना ते शिक्षेसारखे वाटते, हे मला ठाऊक आहे.

वडिलांना मी ही सारी हकीकत नंतर सुट्टीत घरी गेले तेव्हा सांगितली. ते काही न बोलता उठले, दुकानात गेले आणि चष्मा लावून एक पुडा घेऊन आले. "हे तर आपल्याकडंही आहे," ते म्हणाले. "बीपीवाले नेतात. मी आपला देतो." मागची बारीक अक्षरे त्यांनी दोनदा वाचली. विद्यापीठाचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. पण त्या दिवसापासून ते मीठ त्यांनी फळीवरून काढून स्वतःच्या मागे ठेवले आहे, मागितल्याशिवाय दिसणार नाही असे. आणि मागितले की ते आधी विचारतात, "घरात कुणाला किडनीचा त्रास आहे का?"

गेल्या खेपेला मी दुकानात बसले होते तेव्हा एका गिऱ्हाइकाने त्यांना चांगलेच सुनावले. "अहो शेठ, मीठ मागितलंय, सोयरीक नाही!" वडिलांनी पुडा हातातच धरून ठेवला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.